आधी फ्रीजर मोजा: एल्कच्या शिकारीला पहिल्यांदा निघणाऱ्या चमूसाठी

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला चाललोय म्हटलं की मित्र पहिला प्रश्न बंदुकीचा विचारतात. कुठली घेतलीस, केवढ्याला पडली, किती लांबचं लागतं. घरी फ्रीजर केवढा आहे हे आजवर मला एकानंही विचारलेलं नाही. खरं तर सगळा बेत तिथूनच आखायला हवा.

हिशेब असा. पूर्ण वाढलेला एल्क नर जिवंतपणी साधारण ७०० पौंड भरतो, म्हणजे ३०० किलोंच्या वर. मादी ५०० पौंडांच्या आसपास. नराचं हाडं काढलेलं मांस सुमारे २०० पौंड, म्हणजे ९० किलो निघतं. फ्रीजरच्या एका घनफुटात साधारण ३५ पौंड मांस मावतं. एका जनावराला सहा घनफूट जागा लागते, आणि ती खरोखर रिकामी लागते; फ्रोझन पराठे आणि कैरीच्या फोडी एका कडेला सारून उरलेली नव्हे.

आता हे ९० किलो डोंगरातून तुमच्या गॅरेजपर्यंत येणार कसं? इथून मागे मोजत गेलात की माणसं किती हवीत, रस्त्यापासून किती आत शिरायचं, पाठीवर काय घ्यायचं आणि घरी काय ठेवायचं, याची उत्तरं मिळत जातात. बहुतेक नवखे बंदुकीपासून पुढे मोजतात, आणि मग तिसऱ्या संध्याकाळी दहा हजार फुटांवर, अंधारात, पडलेल्या जनावराशेजारी उभे राहून एकमेकांची तोंडं बघतात. पहिल्या वर्षी आम्हीही बघितली.

पुढचं सगळं अमेरिकेत राहणाऱ्या, गाइड न घेता, सरकारी जंगलात, रायफलीच्या मोसमात चार-पाच जणांनी जाणाऱ्यांसाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद केली, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना घरातून या गोष्टीचं काहीच शिक्षण नसतं. कोलोरॅडोत एल्क अडीच लाखांहून जास्त आहेत, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते इतके संपत आले होते की वायोमिंगहून आणून सोडावे लागले. आज परवाने मोजून दिले जातात आणि त्याच पैशावर राज्याचं वन्यजीव खातं, म्हणजे कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ, बरंचसं चालतं.

नावाचा एक घोळ आताच मिटवू. युरोपात एल्क म्हणतात ते अमेरिकेतलं मूस. अमेरिकेतलं एल्क म्हणजे वापिटी. आपल्या काश्मीरच्या दाचीगाममधला हंगुल याचा जवळचा नातलग. हा शब्दकोशातला वाद नाही. कोलोरॅडोत दोन्ही प्राणी एकाच जंगलात फिरतात, आणि एल्क समजून मूस मारणारे लोक निघतातच. दंड जबर आहे. मूस जवळजवळ काळपट, नाक लोंबतं, मोठ्या नराची शिंगं पंजासारखी पसरट. एल्कचं अंग पिवळसर तपकिरी, मान गडद आणि ढुंगण फिकट पांढरट. चमूतल्या प्रत्येकानं दोन्हींचे फोटो, माद्या आणि पिल्लांसकट, निघण्याआधी बघून ठेवायचे.

माणसं ठरवताना

चार जण हा चांगला आकडा. दोघांच्या दोन जोड्या होतात, आणि एक जनावर पडलं की चौघांत एका फेरीत मांस बाहेर निघतं. सहाच्या वर गेलात की लग्नघर होतं. सकाळी निघायलाच उजाडतं.

चौघांनाही परवाना हवाच असं नाही. आमच्यातला एक जण शाकाहारी आहे. तो बंदुकीला हात लावत नाही. त्याला डोंगर आवडतात आणि त्याचे पाय आमच्या सगळ्यांपेक्षा दणकट आहेत. तो स्वयंपाक बघतो, तळावरचा निरोप्या होतो. मांस वाहायलाही ना नाही म्हणत, फक्त पिशवी पक्की बांधून द्या म्हणतो. असा माणूस मिळाला तर सोडू नका.

वाटणीचं मात्र निघण्याआधी बोलून घ्या. बाजारात तुरी ही म्हण मला ठाऊक आहे, तरीही. मारणाऱ्याला किती, वाहणाऱ्यांना किती, खाटिकाचं बिल कोण भरणार, शिंगं कुणाची. आमच्याकडे मांसाचे सारखे वाटे आणि शिंगं मारणाऱ्याची. मित्रांत कसला हिशेब, असं म्हणणाराच नंतर सगळ्यात जास्त कुरकुरतो.

आणि एक नियम पाठ करा: ज्याच्या नावाचा टॅग (परवान्याची, मारलेल्या जनावराला बांधायची चिठ्ठी), त्यानंच मारायचं. तुझा नेम चांगला, माझा टॅग वापर, हे कोलोरॅडोत बेकायदेशीर आहे. एकाचं जनावर पडलं की त्याची बंदूक त्या मोसमापुरती म्यानात गेली. मांस वाटता येतं, टॅग वाटता येत नाही.

याच बैठकीत हेही सांगून टाका की रिकाम्या हातानं परतायची शक्यता जास्त आहे. सरासरी बघितली तर पाचातल्या जेमतेम एका शिकाऱ्याला एल्क मिळतो, आणि सोडतीशिवाय परवाना मिळणाऱ्या युनिटांत, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागांत, त्याहूनही कमी. हे ऐकून ज्याचा चेहरा पडतो त्याला या वर्षी घरी ठेवा.

तारखांचा एक घरगुती मुद्दा. रायफलीचा दुसरा मोसम ऑक्टोबरच्या शेवटी येतो आणि तिसरा नोव्हेंबरात. दिवाळी याच दिवसांत घुटमळत असते. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. रजेचा अर्ज ऑफिसात द्यायच्या आधी घरात द्या.

कागदपत्रं

सगळ्यात आधी व्हिसा. हा मुद्दा अमेरिकन मित्र सांगणार नाहीत, कारण त्यांना तो पडलेलाच नसतो. एच-वन, एफ-वन यांसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असणाऱ्या माणसाला संघराज्याच्या कायद्यानं बंदूक किंवा गोळ्या बाळगायला मनाई आहे. एखाद्या राज्याचा वैध, मुदतीतला शिकार परवाना असणं हा त्या मनाईचा एक अपवाद आहे. म्हणजे क्रम असा: आधी परवाना, मग बंदुकीला हात. परवाना नसताना मित्राची रायफल घेऊन नेमबाजीच्या रेंजवर सराव करणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना हा अडसर नाही. ज्याच्या फायली इमिग्रेशनकडे पडून आहेत त्यानं आपल्या वकिलाला एक ईमेल टाकून लेखी उत्तर घ्यावं. शिकारीचा सगळ्यात स्वस्त विमा तो.

त्यानंतर हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीचा सुरक्षा-कोर्स केल्याचं, कार्ड. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ते लागतं. दुसऱ्या राज्यातून मिळवलेलं कार्ड कोलोरॅडोत चालतं. कोर्स कंटाळवाणा वाटला तरी नीट करा. बंदुकीच्या घरात न वाढलेल्या आपल्यासारख्यांना तारेचं कुंपण ओलांडताना बंदूक कुठे ठेवायची, इतक्या साध्या गोष्टीही तिथेच पहिल्यांदा कळतात.

परवान्याचे दोन रस्ते आहेत. एक सोडतीचा. अर्ज एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, आणि नंबर लागला नाही तर पुढच्या वर्षासाठी एक प्रेफरन्स पॉइंट; जितके पॉइंट जास्त, तितका सोडतीत नंबर आधी. चमूनं एकत्र अर्ज केला तर ज्याचे पॉइंट सगळ्यात कमी, तेवढेच सगळ्यांचे धरले जातात. जुन्या शिकाऱ्याला चमूत घेऊन त्याचे पॉइंट वापरू, ही युक्ती चालत नाही. दुसरा रस्ता थेट विक्रीचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या रायफल मोसमासाठी बऱ्याच युनिटांत नराचा परवाना सोडतीशिवाय मिळतो, विक्री ऑगस्टच्या सुरुवातीला उघडते. पहिल्या वर्षी हाच घ्या. पण त्या वर्षीची पुस्तिका वाचूनच. नियम हलतात. धनुष्यबाणाचे परवाने परराज्यातल्यांना २०२४ पर्यंत बऱ्याच भागात असेच सहज मिळायचे, आता मिळत नाहीत.

राज्यात सलग सहा महिने राहणाऱ्याला परवाना स्वस्त पडतो. बाहेरून येणाऱ्याला सातशे डॉलरच्या वर मोजावे लागतात. १८ ते ६४ वयाच्यांना हॅबिटॅट स्टँपही, म्हणजे वन्यजीवांच्या अधिवासासाठीचं शुल्कही, लागतं.

जागा: तीन मैलांचं गणित

नकाशावर सगळ्यात आतलं, सगळ्यात निर्मनुष्य खोरं बघून नवख्याचं मन तिकडे धावतं. एल्क माणसांपासून लांब पळतात हे खरं आहे. पण आता फ्रीजरकडून आलेलं गणित लावा.

९० किलो मांस, पाठीवर एका खेपेला २५ किलो. म्हणजे चार खेपा. जनावर रस्त्यापासून तीन मैलांवर पडलं आणि तुम्ही एकटे असाल, तर पहिली खेप बाहेर काढायला तीन मैल आणि पुढच्या प्रत्येक खेपेला सहा: एकूण २१ मैल, त्यातले १२ ओझ्यासह. माउलींच्या पालखीचा पुणे ते सासवड टप्पा दिवे घाटासकट साधारण एवढाच भरतो. फक्त इथे रस्ता नसतो, आडवी पडलेली झाडं असतात, आणि उंची दिवे घाटाच्या तिप्पट-चौपट असते. चौघं असाल तर हेच काम तीन मैलांत आटोपतं.

म्हणून नियम: चमूत वाहणारे जेवढे कमी, तेवढं रस्त्याच्या जवळ. चौघांसाठी तीन मैल ही वरची मर्यादा धरा आणि दरीत उतरून मारायचा मोह टाळा. उतार जाताना गोड लागतो.

मीकर गावाच्या पूर्वेचा फ्लॅट टॉप्सचा परिसर एल्कसाठी प्रसिद्ध आहे. व्हाइट रिव्हरचा कळप राज्यातला सगळ्यात मोठा मानला जातो. साहजिकच गर्दीही तिथेच. गनिसनच्या आसपासही भरपूर सरकारी जमीन आहे. युनिट निवडलंत की फॉरेस्ट सर्व्हिसचा वाहनरस्त्यांचा नकाशा काढून बघा. कुठला रस्ता कोणत्या तारखेला बंद होतो ते त्यावर असतं. वाइल्डरनेस म्हणून घोषित भागात कोणतंही वाहन चालत नाही, मांस ओढायची दोन चाकांची हातगाडीसुद्धा नाही. ही गाडी हौसेनं विकत घेऊन फाटकापाशी ठेवून आलेले लोक मी पाहिले आहेत.

खासगी जमिनीला कुंपण किंवा पाटी असायलाच हवी असा कोलोरॅडोत नियम नाही. सीमा ओळखणं तुमची जबाबदारी. त्यामुळे मालकीच्या रेषा दाखवणारं ऑनएक्ससारखं ॲप आणि त्या युनिटचा नकाशा घरच्या वायफायवरच उतरवून ठेवा. डोंगरात रेंज नाही. कागदी नकाशाही एक असू द्या.

घोड्यावरून मांस बाहेर काढून देणारे नोंदणीकृत आउटफिटर असतात. त्यांचा नंबर, दर आणि त्या आठवड्यात ते मोकळे आहेत का, हे सप्टेंबरातच विचारून ठेवा. जनावर पडल्यावर फोन फिरवलात तर वरातीमागून घोडं, अक्षरशः.

पाय, फुप्फुसं, नेम

डेन्व्हर शहर जवळजवळ कळसूबाईच्या शिखराच्या उंचीवर वसलेलं आहे. तुम्ही शिकार करणार त्याच्या दीडपट ते दुप्पट उंचीवर. न्यू जर्सी किंवा टेक्सासहून येणाऱ्यानं किमान दोन दिवस आधी यावं, एक रात्र डेन्व्हरला, दुसरी पायथ्याच्या गावात. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही विरळ हवेची लक्षणं आहेत. वाढत गेली तर खाली उतरणं हाच उपाय. यावरच्या डायमॉक्स या औषधाबद्दल डॉक्टरांना आधी विचारा.

सराव जूनपासून. जिममधल्या धावपट्टीपेक्षा जिना बरा. इंडियन ग्रोसरीतली २० पौंडांची बासमतीची पिशवी सॅकमध्ये टाकून चढ-उतार करा, सप्टेंबरात दुसरी पिशवी वाढवा. शेजारी विचारतील. सांगा, नवस आहे.

रायफलीबद्दल थोडक्यात, कारण यावर लोक तासन्‌तास बोलतात. थ्री-ओ-एट, टू-सेव्हन्टी, थर्टी-ऑट-सिक्स, रायफलींच्या या मापांतलं जे मिळेल ते चालतं. नियमानुसार एल्कसाठी किमान ६ मिलिमीटर व्यासाची नळी आणि किमान ८५ ग्रेनची (सुमारे साडेपाच ग्रॅमची) गोळी लागते, आणि वरच्या तिन्ही त्यात आरामात बसतात. महागड्या दुर्बिणीपेक्षा सराव महत्त्वाचा. बसून, गुडघ्यावर आणि सॅकवर टेकवून मारून बघा; रेंजवरचं लाकडी टेबल डोंगरात येत नाही. धाप लागलेली असताना थाळीएवढ्या वर्तुळात पाचही गोळ्या ज्या अंतरावरून बसतात, तेवढंच तुमचं अंतर. माझं २०० यार्ड आहे. कुणी पाचशेच्या गप्पा मारल्या तर मान डोलावून चहा पाजा.

सामान

कपड्यांवर फार शब्द घालवत नाही. सुती काही नको, जीन्स तर नकोच. लोकर किंवा सिंथेटिकचे थर, वर वारा अडवणारं जाकीट, थांबून बसताना घालायला एक जाड पिसांचं. रायफलीच्या मोसमात कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच भडक फ्लुरोसंट नारिंगी किंवा गुलाबी रंग सक्तीचा आहे, त्यात सर्व बाजूंनी दिसणारी टोपीही आली. झाडापानांची नक्षी असलेला नारिंगी चालत नाही. तळावरच्या स्वयंपाक्यालाही नारिंगी बनियन द्या, नियम असो नसो.

बुटांवर मात्र पैसे खर्च करा. घोट्याच्या वर जाणारे, पाणी न शिरणारे, आणि किमान पन्नास मैल चालून पायात रुळलेले. नवे बूट घालून आलेला आमचा एक गडी दुसऱ्या दिवसापासून तंबूत पाय वर करून पडला होता. त्याची अंडाभुर्जी छान झाली, पण त्यासाठी सातशे डॉलर भरायची गरज नव्हती.

खरी बॅग मांसाची. दुकानातला माणूस तुम्हाला मादीच्या आवाजाची शिट्टी विकेल, अंगाचा वास घालवणारा फवारा विकेल. ही बॅग तुमची तुम्हालाच भरावी लागते:

- हवा खेळणाऱ्या कापडाच्या मोठ्या, मजबूत पिशव्या, किमान सहा. प्लॅस्टिक नाही, त्यात मांस उबून खराब होतं.
- दोन सुऱ्या. एक पाती बदलायची, तिची पाती डझनभर. एक साधी जाड.
- रबरी हातमोजे, आणि डाव्या हातात घालायला एक जाळीचा, न कापणारा. या शिकारीत बंदुकीपेक्षा सुरीनं जास्त माणसं जखमी होतात असं माझं मत आहे.
- दहा-बारा मीटर दोरी, हलकी ताडपत्री, टॅग बांधायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि पेन.
- प्रत्येकाला दोन हेडलॅम्प. एक नव्हे.
- रक्तस्राव थांबवायचा टूर्निके आणि दाबपट्टी. कशी बांधायची ते घरीच शिकून.

हे सगळं प्रत्येक जोडीच्या पाठीवर हवं, गाडीत नव्हे. सॅक सांगाड्याची घ्या, जिच्यावर मागची अख्खी मांडी आडवी बांधता येईल.

गाडीत दोन मोठे कूलर, १२० क्वार्टच्या आसपासचे. घरूनच दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये पाणी गोठवून ते आत ठेवा. सुटा बर्फ वितळून मांस पाण्यात तरंगतं, कॅनमधला तरंगू देत नाही, आणि शेवटी प्यायलाही होतो. चाकांच्या साखळ्या, फावडं, ओढदोर, पूर्ण भरलेली टाकी. गाड्या दोन असाव्यात आणि उताराकडे तोंड करून उभ्या कराव्यात. रात्रीत फूटभर बर्फ पडलं की याचं महत्त्व कळतं.

गार्मिन इनरीचसारखं उपग्रहावरून निरोप धाडणारं यंत्र चमूत किमान एक, शक्यतो प्रत्येक जोडीला एक. घरी कुणाला कोणत्या वेळी निरोप येणार आणि आला नाही तर त्यांनी किती तास थांबून कुणाला फोन करायचा, हे लिहून फ्रिजवर चिकटवा.

विमानानं येणाऱ्यांनी: रायफल रिकामी, कडक पेटीत, कुलूप लावून, चेक-इन काउंटरवर जाहीर करून. गोळ्या मूळ खोक्यात. बहुतेक कंपन्यांची मर्यादा ११ पौंड. अस्वलावरचा फवारा आणि स्टोव्हचा गॅस विमानात चालत नाहीत, ते इथे येऊन घ्या. उतरल्यावर रेंजवर जाऊन नेम पुन्हा तपासा; पेटी कुणी कशी आपटली ते आपल्याला दिसलेलं नसतं.

तंबू आणि चूल

ऑक्टोबरअखेर रात्री उणे दहापर्यंत सहज जातात. चौघांना उभं राहता येईल असा कॅनव्हासचा तंबू आणि आत लाकडाची शेगडी मिळाली तर स्वर्ग. पण शेगडी असो की गॅसचा हीटर, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तंबूत हवाच. हा गॅस वास देत नाही.

दहा हजार फुटांवर पाणी ९० अंश सेल्सियसच्या आसपास उकळतं. तूरडाळ तासभर उकळूनही टणक राहते. छोटा प्रेशर कुकर न्या. अमेरिकन शेजारच्या तळावरून शिट्टी ऐकून कुणी विचारायला आलं तर दोन घास वाढा, उद्या त्याचं खेचर उपयोगी पडेल. दिवसाला साडेतीन-चार हजार कॅलरी जळतात आणि विरळ हवेत भूक मरते, म्हणून ओळखीच्या चवीचं न्या: मेतकूट-भात, भाजणीचं पीठ, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. खिशात बेसनाचे किंवा डिंकाचे लाडू. एनर्जी बार थंडीत दगड होतात, तुपातला लाडू दातांना निदान मान देतो. लसणाची फोडणी मात्र तळावरच. एल्कचं नाक तुमच्या कल्पनेपेक्षा तिखट आहे.

गॅसची छोटी डबी कडाक्याच्या थंडीत धड पेटत नाही. तळावर प्रोपेनचा दोन बर्नरचा स्टोव्ह बरा. पाण्याचा फिल्टर रात्री झोपण्याच्या पिशवीत घ्या, एकदा गोठला की आतून फुटतो आणि कळतही नाही. बाटल्या उलट्या ठेवा, म्हणजे बर्फ बुडाशी धरेल आणि तोंड उघडं राहील. काळी अस्वलं असतात. अन्न आणि मांस झोपायच्या जागेपासून लांब.

डोंगरात

शिकारीची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. रोज रात्री जेवताना उद्या कोणती जोडी कोणत्या सोंडेवर, हे नकाशावर बोट ठेवून ठरवा, आणि दिवसभर ते बदलू नका. कितीही चांगला माग लागला तरी दुसऱ्या जोडीच्या हद्दीत शिरायचं नाही. आवाजावर, हालचालीवर, रंगाच्या ठिपक्यावर गोळी नाही. दुर्बीण बघायला वेगळी ठेवा. रायफलीच्या दुर्बिणीतून झुडपात काय हललं ते बघणं म्हणजे माणसावर बंदूक रोखणं. गाडीत चेंबर, म्हणजे रायफलीत गोळी बसते तो कप्पा, रिकामं. चढताना, घसरताना, ओंडका ओलांडतानाही रिकामं.

वारा सांभाळा. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढलं की वर. म्हणजे पहाटे जनावराच्या खालच्या अंगानं आणि ऊन तापल्यावर वरच्या अंगानं. छोट्या बाटलीतली टाल्कम पावडर उडवून दिशा कळते.

बऱ्याच युनिटांत नर कायदेशीर व्हायला एका शिंगावर किमान चार टोकं किंवा पाच इंच लांबीचं भुवईवरचं टोक लागतं. मोजता येत नसेल तर सोडून द्या. मागे दुसरं जनावर उभं नाही ना, तेही बघा. गोळी आरपार जाते. लागल्यावरही एल्क अनेकदा जागचा हलत नाही किंवा कळपात मिसळतो, आणि चुकलं समजून माणूस शेजारच्यावर दुसरी झाडतो. एक टॅग, दोन जनावरं. गोळी झाडलीत की तेच जनावर नजरेत धरून ठेवा, उभं असेल तर पुन्हा त्यालाच मारा, पळालं तर जागा नकाशावर टिपून अर्धा तास थांबा आणि मग रक्ताचा माग काढा.

पडल्यावर पहिलं काम टॅगवर सही आणि तारीख. मग कातडं. एवढ्या मोठ्या देहातली उष्णता आपोआप जात नाही. बाहेर बर्फ असलं तरी मांडीच्या हाडाभोवतीचं मांस आतून आंबतं. नवख्यांसाठी पोट न फाडण्याची पद्धत सोपी: एका कुशीवर ठेवून वरच्या बाजूचं कातडं सोला, पुढची दस्ती आणि मागची मांडी सांध्यातून सोडवा, कण्यालगतची लांब पट्टी काढा, मग कूस बदला. आतल्या बाजूची कोवळी पट्टी, मान, बरगड्यांमधलं मांस विसरू नका. खाण्याजोगं मांस टाकून देणं गुन्हा आहे. घरी यूट्यूबवर तीनदा बघा आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात खाटिकाकडून अख्खा बोकड आणून सांधे शोधायचा सराव करा. सांधे तेच, आकार वेगळा.

हाडं काढताना एक चूक सगळे करतात. जनावर नर की मादी याचा पुरावा मांसाच्या एका मोठ्या तुकड्याला निसर्गतः जोडलेलाच राहायला हवा. सगळं स्वच्छ कापून शिंगं स्वतंत्र घेऊन आलात आणि वाटेत वन्यजीव अधिकारी भेटला, तर मांस चोख असूनही पंचाईत.

पिशव्या सावलीत, जमिनीपासून वर, हवा लागेल अशा टांगा. पहिल्या खेपेत मांड्या न्या, शिंगं शेवटी. शिंगं आधी नेणारा माणूस दुसऱ्या खेपेला येत नाही, हा माझा अनुभव आहे.

घरी आल्यावर

हरणांच्या जातीत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा मेंदूचा रोग आहे. माणसाला झाल्याची नोंद नाही, पण बाधित जनावराचं मांस खाऊ नये असा अमेरिकेच्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे. तपासणीसाठी डोकं वन्यजीव खात्याच्या केंद्रावर द्या. काही युनिटांत आणि मोसमांत ते सक्तीचंच असतं. निकाल यायला वेळ लागतो, तोवर पाकिटांवर जनावराचा क्रमांक लिहून गोठवून ठेवा आणि दोन जनावरांचं मांस मिसळू नका. परराज्यात जाणाऱ्यांनी मेंदू आणि कणा सोबत नेऊ नये. बऱ्याच राज्यांत बंदी आहे.

मांस मटणापेक्षा गोडसर आणि जवळजवळ बिनचरबीचं. खिम्यात थोडं तूप जास्त घाला, रश्श्याला मानेचं आणि नळीचं मांस ठेवा, कण्यालगतच्या पट्टीला मसाला लावूच नका. मीठ, मिरी, गरम तवा.

आणि सॅक धुण्याआधी प्रत्येक कप्पा उलटा करा. डिसेंबरात हीच सॅक घेऊन आपण मुंबईला जातो. कंबरपट्ट्याच्या छोट्या कप्प्यात राहिलेली एक जिवंत गोळी भारतातल्या विमानतळावर सापडली तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. चुकून राहिली हे सांगायला मग वकील लागतो. रिकाम्या पितळी टोपणांनाही हेच लागू धरा. जाकिटाचे खिसे, जोड्यांची पिशवी, दुर्बिणीचं म्यान, सगळं झटका. मी आता शिकारीची सॅक वेगळीच ठेवली आहे, भडक नारिंगी, म्हणजे घाईत कुणी चुकून विमानतळावर उचलून नेणार नाही.